झाड अजून हिरवं आहे

मुलगी: हळू खरवड. नखानं. दुखेल त्याला.

जावई: मेलेल्या झाडाला काय दुखतंय?

मुलगी: मेलंय हे अजून ठरायचंय. सालीखाली काय दिसतंय?

जावई: तपकिरी.

मुलगी: नर्सरीवाला काय म्हणाला होता?

जावई: हिरवं निघालं तर जिवंत. तपकिरी निघालं तर… त्यानं नुसता हात हलवला.

मुलगी: दुसरी फांदी बघ.

जावई: सगळ्या बघून झाल्या. आणखी खरवडलं तर बाबांना वाटेल, आपण मांजर पाळलंय.

मुलगी: पण हे हिरवंगार आहे! एक सुई गळलेली नाही.

जावई: पाइन असाच असतो म्हणे. मुळं कुजून जीव गेला तरी पुढे कितीतरी दिवस सुया हिरव्याच राहतात. आमच्या ऑफिसात असे बरेच साहेब आहेत.

मुलगी: विनोद नकोत. गुडघा बदलून बाबा इतके दिवस दादाकडे पडून होते, आणि फोनवर रोज तेच. गुडघ्याची चौकशी आपण करायची, झाडाची त्यांनी. आई ह्या बोनसायला सवत म्हणायची, माहितेय ना?

जावई: माहितेय. म्हणून तर सांगतो, बोलायचंच नाही. हिरवं आहे तोवर हातात द्यायचं.

मुलगी: आणि मग?

जावई: मग त्यांच्या गॅलरीत जाईल. तिथं सावकाश पिवळं पडेल. आपला काय संबंध?

मुलगी: म्हणजे त्यांना वाटणार, माझ्याच हातानं गेलं. माझ्या जन्माआधीपासून ह्या ट्रेमध्ये वाढवलंय, तारा बांधून एकेक फांदी वळवलीय. आणि घरी नेल्यावर आठवड्यात खलास.

जावई: हा विचार मी केला नव्हता.

मुलगी: चेहरा बघ आरशात.

जावई: बरं, केला होता. थोडासा.

मुलगी: पण मुळं कुजली कशानं?

जावई: पाणी जास्त झालं म्हणे. तू घालत होतीस?

मुलगी: मी? मला वेळ तरी असतो का? तू?

जावई: छे! मी ट्रेला बोट लावलं नाही.

मुलगी: मग पावसाचं असेल.

जावई: छपराखाली?

मुलगी: तिरका पाऊस.

जावई: हां. तिरकाच असणार.

(दाराची बेल वाजते. बाबा काठी टेकत आत येतात आणि थेट गॅलरीकडे वळतात.)

बाबा: पाणी नको, चहा नको, खुर्ची नको. आधी ते कुठंय? अरे वा! चष्मा खाली गाडीत राहिला, पण रंग दिसतोय हो. जावईबापू, शाब्बास! मीसुद्धा इतकं नीट ठेवलं नसतं.

जावई: नाही हो बाबा, कसलं काय.

बाबा: हिचा दादा माझ्यामागे लागलाय, बाबा, हात थरथरतो तुमचा, झाड कुणाला तरी देऊन टाका. मी म्हटलं, मला जमतंय की नाही ते झाडच सांगेल. आता घरी नेतो, शेंडे खुडतो. तगलं तर मी अजून कामाचा. नाही तगलं तर तो म्हणेल तसं.

मुलगी: बाबा, नेऊ नका.

बाबा: का गं? लळा लागला?

मुलगी: ते गेलंय.

बाबा: कुठं गेलंय? समोर तर आहे.

जावई: मुळं कुजलीत, बाबा. चूक माझी. रोज सकाळी मी पाणी घालत होतो. ही उठायच्या आत.

मुलगी: काय? रोज? अरे, मी रोज संध्याकाळी घालत होते! तू घरी यायच्या आत.

जावई: चोरून?

मुलगी: तू काय वाजतगाजत घालत होतास?

बाबा: थांबा, थांबा. दोघंही घालत होता? आणि एका घरात राहून एकमेकांना पत्ता नाही?

मुलगी: तुम्हीच म्हणाला होतात ना, त्याच्या भरवशावर राहू नकोस, तो विसरेल. पण त्याला बोलू नकोस, वाईट वाटेल.

जावई: मला म्हणाले, ती धांदरट आहे, तुम्हीच गुपचूप लक्ष ठेवा.

मुलगी: धांदरट?

जावई: शब्द त्यांचा आहे.

मुलगी: म्हणजे आपल्यातला एक जरी निष्काळजी असता तर झाड जगलं असतं.

जावई: बाबा, खुर्ची देऊ का?

बाबा: हं. द्या.

मुलगी: बाबा, दोघांनाही का सांगितलंत?

बाबा: एक तरी ऐकेल, असं वाटलं होतं.