सांग तुह्या काकूले

माहं माहेर काटोलाकडचं, सातवीपर्यंत शिकली मी तिथं, मंग लगन झालं अन् इकडं मध्यप्रदेशात सौंसरच्या बाजूले या पुऱ्यात आली, नाल्याच्या अंगाले थोडीशी घरं, बाकी सारे वावरं अन् संत्र्याचे बगीचे. आमचे हे पांढुर्ण्याले कापसाच्या जिनात कामाले, आठ-पंधरा दिवसानं घरी येत. घरात राहिलं कोण, तं मी, माहे भासरे, म्हणजे याईचे मोठे भाऊ, अन् त्याईची पोरगी कमल. जाऊबाई पोरगी लहान असतानाच वारली, तवा कमल माह्याच पदराखाली वाढली.

आता काय सांगू तुम्हाले ताई, तवाची रीत अशी का भासऱ्यासमोर बाईनं बोलायचं नाई. पदर नाकापर्यंत अन् तोंड बंद. पण एका घरात राहायचं म्हणल्यावर काम तं पडतेच, मंग बोलणं होये ते कमलच्या तोंडून. ते वट्ट्यावर बसून म्हणत, कमल, सांग तुह्या काकूले, आज भाकरी वावरात पाठव म्हणा. मी तिथंच चुलीपाशी, सारं आयकू ये, पण कमल येऊन सांगे तवाच माह्यासाठी ते बोलणं झालं. मंग मी म्हणो, सांग तुह्या बाबाले, घरात मीठ नाई. त्याईलेबी आयकू ये, पण तेबी पोरीची वाट पाहात. कमल घरी नसली तं ते गायीले सांगत अन् मी खांबाले. हासू नका, तवा घरोघरी असंच होतं.

शाळा होती नाल्यापलीकडच्या मोठ्या गावात, पण ते हिंदीची. घरी आपण बोलतो हे असं, अन् तिथं गुरुजी हिंदीत इचारत. एकदा कमलले इचारलं का कल क्यों नहीं आई, तं तिनं सांगतलं, कापूस येचाले गेल्ती जी, अन् सारे पोट्टे हासले. त्या दिवसापासून पोरगी गेलीच नाई. दप्तर खुटीले टांगलं तं टांगलंच. अन् ते एकटी नव्हती, आमच्या पुऱ्यातले बरेचसे लेकरं असेच, थोडंसं शिकून घरी बसलेले, मायसंग संत्रे तोडाले नाई तं कापूस येचाले जाणारे. मले लय वाईट वाटे. अक्षर तं तेच हाये, निसती बोली दुसरी, कोणी समजून सांगणारं पाहिजे, बस.

पुढं बैल वावरातल्या नव्या कोठ्यात नेले, तवा घरचा कोठा खाली झाला. मी याईले म्हणलं, इथं पोट्ट्याईले शिकवतो, याईनं भावाले म्हणलं, भासरे हो म्हणले नाई अन् नाईबी म्हणले नाई. मंग काय, शेण काढलं, सारवलं, कोळसा वाटून भितीले फासला, तोच आमचा फळा, अन् पांढऱ्या मातीचं ढेकूळ तो खडू. सांजच्याले कामावरून आले का पोट्टे पोतं घेऊन येऊन बसत. हिंदीच्या पुस्तकातला धडा मी वाचो अन् आपल्या बोलीत सांगो, मंग तेच पोट्टे मले हिंदीत सांगत. हळूहळू बायाबी याले लागल्या, लेकरू मांडीवर घेऊन, आम्ही निसतं आयकतो म्हणत, अन् मंग त्याईच्याबी हातात खडू आला. गंमत अशी का भासरे वट्ट्यावर येऊन खाकरले का माहा आवाज बंद. मी काडीनं निसतं अक्षर दाखवो अन् पोट्टे आपलेआप मोठ्यानं म्हणत. म्हणून तं तयार झाले, असं मी म्हणते.

दसरा झाला, कापूस घरी याले लागला. त्या साली चांगला पिकला होता. बजारात भाव चढाची वाट पाहाची तं कापूस भरून ठेवा लागते, अन् घरात जागा कुठी? माह्या मनात धाकधूक होतीच. एका सांजी आम्ही बसलो होतो अन् भासरे कोठ्याच्या दारात येऊन उभे, कधी न येणारे. मी पदर ओढून भितीकडं तोंड केलं. ते म्हणले, कमल, सांग तुह्या काकूले, उद्या कोठा खाली कर म्हणा, कापूस भराचा हाये.

कापूस भरला म्हणजे उन्हाळ्यापर्यंत कोठा गेला, अन् एकदा मोडलेली बैठक पुन्हा कुठची बसते? कमलचं दप्तर आत्ता कुठं खुटीवरून उतरलं होतं. पण मी बोलू कशी?

कमल उठली, माह्यापाशी आली. बाप तिथंच उभा. अन् म्हणे, काकू, बाबा म्हणते, कापूस एका अंगाले भरतो, पोट्टे एका अंगाले बसू द्या.

बापानं काय सांगतलं ते साऱ्याईनं आयकलं होतं, मीबी आयकलं होतं. पण रीतीनं पाहालं तं मले सांगणं झालं ते कमलचं. ते खोडाचं असतं तं त्याईले माह्याशी बोला लागलं असतं, नाई तं पोरीवर हात टाका लागला असता. मी भितीकडं तोंड ठेवूनच म्हणलं, सांग तुह्या बाबाले, बरं म्हणा, कापसाले कोणाचा पाय लागू देत नाई.

ते जरासे उभे राहिले, दुपट्टा झटकला अन् चालले गेले. दुसऱ्या दिवशी बासाचा तट्ट्या आणला अन् कोठ्याच्या मधात ठोकला, तिकडं कापूस, इकडं आम्ही.

कमल पुढं सौंसरले जाऊन मॅट्रिक झाली, लगन होऊन पांढुर्ण्याले गेली, तिथं बालवाडीत बाई हाये. भासरे मंग थकले, खाटेवर पडले. एक दिवस घरी आम्ही दोघंच, मी पाणी घेऊन गेली, पदर ओढून. ते खांबाकडं पाहून म्हणले, सांग तिले, त्या दिवशी पोरीनं बराबर सांगतलं होतं.

मी जल्मभर खांबालेच बोलत आली होती. पण त्या दिवशी पदर मांगं केला, त्याईच्याकडं पाहालं अन् म्हणलं, हो जी, आयकलं मी. तेवढंच आमचं बोलणं. त्याच हिवाळ्यात ते गेले.

आता माहे गुडघे चालत नाई. मले मांगून पोरगा झाला, त्याची बायको, माही सून, आता कोठ्यात शिकवते, पुऱ्यातले लेकरं येतेत, अन् भासरे बसत त्या वट्ट्यावर मी बसून राहते. सूनबाईचा आवाज मोठा हाये, पार रस्त्यावर आयकू जाते. मी खाकरली तरी थांबत नाई. नोको थांबू माय, अशीच बोलत राहा.