डाव्या पिळाची दोरी

आरोग्यकेंद्रात मी गुडघ्याच्या इंजेक्शनसाठी बसलो होतो. समोरच्या बाकावर पिल्दू आजोबा पेंढ्याची दोरी वळत होते. बोंगसुन मावशी येऊन त्यांच्याशेजारी टेकल्या.

"ही कसली दोरी, दादा?"

"शेजारच्या दॉक्सूच्या सुनेला मुलगी झाली ना! सरकारकडून बाबागाडी आली, लंगोटांचा खोका आला. दारावर बांधायची दोरी कोण पाठवणार?"

"अहो, पण पीळ उजवा पडलाय! बाळाच्या दोरीला डावा लागतो."

"हात्तिच्या! एकोणीस वर्षांत गावात पाळणा हललाय कुठं? हात विसरले."

"उलगडा, पुन्हा वळा. मिरच्या आणू खोवायला?"

"मिरच्या मुलाला. मुलीला कोळसा आणि पाइनची डहाळी. तूही विसरलीस की!"

"बाळ बघून आलात?"

"अजून नाही. आता दोरी बांधली, की एकवीस दिवस बाहेरच्यानं आत जायचं नाही."

"मग आधी बघून या, नंतर बांधा! नव्वदी उलटली, छाती ही अशी..."

"वळणाराच नियम मोडणार होय?"

"आणि गोळ्या? त्या तर तुम्ही पावसाळ्यातच सोडल्यात ना?"

"म्हणून तर आलोय. अहो सिस्टर, डॉक्टरांना सांगा, बावीस दिवसांच्या लिहून द्या."