वडील हयात असण्याची अडचण

नाही, तुम्हीच सांगा, माणसानं जिवंत असणं हा काय गुन्हा झाला? रोज सकाळी उठतो, दुकान उघडतो, लोकांचे बंद पडलेले पंखे दुरुस्त करतो, यात मी कुणाचं काय घोडं मारलं? पण घरात तोंडं अशी, की जणू मी मुद्दाम श्वास घेतोय! काय करणार... माझं एकच चुकलं, मी जिवंत आहे!

तुम्हाला सांगतो, आमची चिमी भयंकर हुशार. माझ्यावर गेली नाही म्हणून, असं तिची आई म्हणते. जनावरांच्या डॉक्टरकीला नंबर लागला, पाच वर्षांचा कोर्स, आणि फी ऐकून मी तिथंच मटकन खाली बसलो. मग कळलं, एक संस्था आहे, सगळी फी भरते. नाव काय, तर 'उच्च शिक्षण सर्वांसाठी'. सर्वांसाठी म्हणजे वर्षाला एका मुलीसाठी हो! तिथल्या अध्यक्षबाई म्हणतात, "आम्ही कागऽऽद बघत नाही, आम्ही माणसं बघतो." म्हणजे कुणाचं किती वाटोळं झालंय ते बघतात.

मुलाखतीच्या पहिल्या दिवशी चिमीच्या शेजारी दोन मुली. एकीचे वडील गेलेले, दुसरीचे तर आई-वडील दोघंही! चिमी घरी आली आणि नुसती माझ्याकडे बघत बसली. हिनं जेवण वाढता वाढता विचारलं, "अहो, परवा तुमच्या छातीत दुखत होतं ना?" म्हटलं, "गॅस होता गं." तर म्हणते, "गॅसच असणार म्हणा," आणि उसासा टाकला! लग्नाच्या बायकोनं! माझं एकच चुकलं...

शेवटच्या मुलाखतीत बाईंनी विचारलं, "बाळ, वडील काय करतात?" आणि या कार्टीनं सरळ सांगितलं, "बाबा वारले." वर अशी ढसाढसा रडली, की बाईंनी तिथल्या तिथं पैसे मंजूर केले. आता तुम्ही म्हणाल, आई-वडील दोघंही गेलेल्या त्या बिचाऱ्या मुलीचं काय? तर ती रडली नाही हो! बाईंना ती जरा कोरडी वाटली. गेली घरी.

मग समारंभ. घरच्यांनी यायचंच, असा नियम. दारातच बाई, "हे कोण?" मी तोंड उघडणार, तेवढ्यात आमची ही म्हणते, "हे माझे दादा." दादा! चारचौघांत! मी मुकाट्यानं मामा होऊन बसलो, नेमका कुरकुरत्या पंख्याखाली. हात नुसते शिवशिवत होते, पण म्हटलं नको, उगाच ओळख पटायची.

चिमी माइकवर आली. "माझे बाबा मला खांद्यावर बसवून शाळेत न्यायचे... स्वतः उपाशी राहून मला पुस्तकं आणायचे..." मी मनात म्हटलं, खांद्यावर? कधी? पण नेलं असेल हो, बाप आहे शेवटी, विसरलो असेन! जन्मात कधी एवढं चांगलं बोलली नव्हती पोरगी माझ्याबद्दल. मी जो हुंदका दिला ना, अख्खा हॉल मागं वळला. बाई स्वतः उठून आल्या, पाठीवर हात ठेवला, "सावरा स्वतःला. एक स्पष्ट बोलू का? ते असते ना, तर ही मुलगी शिकली नसती." सगळ्यांनी माना हलवल्या. हिनं हलवली. मीसुद्धा हलवली! खोटं काय होतं त्यात?

घरी आल्यावर ही आत गेली, तसं चिमीला हळूच विचारलं, "चिमे, ते खांद्यावरचं... कितवीत होतीस गं तेव्हा?" बूट काढता काढता म्हणते, "बाबा, ते मागच्या वर्षीच्या मुलीचं भाषण आहे. बाईंना आवडलं होतं, म्हणून तेच पाठ केलं. आणि हे बघा, दरवर्षी समारंभ असतो, पुढच्या वेळी एवढ्या मोठ्यानं रडू नका."

मी म्हटलं, बरं. पाच वर्षं काढायचीत अजून... मेलेल्या माणसानं कशाला नसत्या चौकशा कराव्यात!