बर्फावर राहिलेला जीवखडा

शैलेंद्र त्र्यंबक गोगटे, वय ७२ वर्षे, निवृत्त, पाटबंधारे खाते, नागपूर. सध्या राहणार मुलगा देवेश याच्याकडे, व्हिटबी, ओंटारियो, कॅनडा.

पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, दुभाषी कादंबरीताई यांच्यामार्फत जबाब देतो की,

माझी पत्नी माधवी ९ फेब्रुवारीला वारली. क्रियाकर्मासाठी गुरुजींनी जीवखडा मागितला. गेलेल्या माणसाचा जीव दहा दिवस ज्या दगडात आहे असं मानतात, तो जीवखडा. बाहेर दोन फूट स्नो, दगड कुठून मिळणार? देवेशने तुळशीच्या कुंडीतला खडा उचलून दिला. तो कुठला, हे त्याला माहीत नव्हतं. मला होतं.

गेल्या मे महिन्यात आम्ही दोघं टूरबरोबर फ्रान्सला गेलो होतो. तिथे एका रोमन अ‍ॅम्फिथिएटरचे अवशेष पाहिले. माधवी सगळ्यात वरच्या पायरीवर बसली. तिथे कुजबुजही वर ऐकू जाते म्हणून मी खाली रिंगणात उभा राहून हळूच विचारलं, "गुडघे कसे आहेत?" वरून उत्तर आलं, "तुमच्यापेक्षा बरे!" मग म्हणाली, "पाच मिनिटं बसू या ना." मी घड्याळ दाखवलं. बस सुटायची होती, आणि वक्तशीरपणाचा मला फार अभिमान. उठताना तिनं पायाजवळचा खडा पर्समध्ये टाकला.

"ठेव तो तिथेच. चोरी आहे ती," मी म्हटलं.

"असू दे. घरी ह्याच्याजवळ बसू निवांत."

घरी तिनं तो तुळशीच्या कुंडीत ठेवला. आम्ही कधीच बसलो नाही.

काल दहाव्याला देवेशने लेकच्या काठावरून खडा सोडला. तो पाण्यात पडलाच नाही, बर्फावर टक्कन वाजला आणि घसरत लांब गेला. गुरुजी म्हणाले, "इट्स ओके काका, स्प्रिंगमध्ये मेल्ट झालं की आपोआप जाईल." सगळे गाडीत जाऊन बसले. माधवीला थंडी अजिबात सोसत नसे. मे महिन्यातही शाल लागायची.

आज सकाळी ७.४० वाजता घरी न सांगता मी बसने तिथे गेलो व बर्फावर उतरलो. खडा पाण्यापर्यंत ढकलायचा, एवढाच हेतू होता. जीव देण्याचा नव्हता. सुमारे चाळीस फुटांवर खडा मिळाला. हातात घेतला आणि सोडवेना. तिथेच बसलो. किती वेळ, ते घड्याळात पाहिलं नाही. कुत्रा फिरवणाऱ्या एका बाईंनी ९११ ला फोन केला व आपल्या खात्याच्या माणसांनी दोरी टाकून मला ओढून घेतलं. त्यांना फार त्रास झाला, माफी मागतो.

खडा चोरीचा आहे हे कबूल आहे. चोरी माझ्या नावावर लिहावी, तिच्या नको. बर्फ वितळलं की मी स्वतः तो पाण्यात सोडेन.

कादंबरीताईंनी सगळं सावकाश वाचून दाखवलं, मी सांगितलं तसंच आहे. आपण जमा करून घेतलेला खडा पाकिटातून काढून माझ्या हातात दिला, तो मिळाला. देवेश बाहेर गाडी चालू ठेवून थांबला आहे. त्याला पाच मिनिटं थांबायला सांगावं.