ओटीचा खण

काळी नदीवरच्या सुप्याच्या धक्क्यावर ठेकेदाराची लाँच वल्ही मारत परत आणली, तेव्हा आम्ही पलीकडे जायला रांगेत उभे होतो. लाँचमध्ये एक बाई तोंडावर घोंगडी घालून निजवलेली. शेजारी तिचा नवरा परसू. भिकाजी ड्रायव्हर इंजिन उघडून बसलेला; परसू त्याला विचारत होता.

"अण्णा, मधेच कशानं बंद पडली वो?"

"इंजिन तापलं. त्येला गार करायला नदीचं पाणी नळीतनं वर चढतंय आन् त्या भोकातनं भायेर पडतंय."

"पडत व्हतं की. मी बघितलं."

"मीबी बघितलं. धार करंगळीएवढी व्हती, जोर न्हवता. पडतंय न्हवं, म्हणून मी गप बसलो."

"जोर कशानं गेला?"

"नळीच्या तोंडात कायतरी अडकलंय. थांब, निघालं. खण हाय."

"हिरवा?"

"व्हय. तुला कसं ठावं?"

"लाँच सुटताना मीच काळीमायची ओटी भरली. म्हटलं, बायजाला दवाखान्यापत्तोर जित्ती पोचव."

"रोज ओट्या पडत्यात नदीत, परसू. दुसऱ्या कुणाचाबी असंल."

"न्हाई, अण्णा. ह्यो तिच्या म्हायेरचा. बरी झाल्यावर चोळी शिवीन, नदीला नगं, म्हणत व्हती. मीच तिच्या हातातनं वढून घेतला."