‘सर्व खुशाल’ न लिहिलेलं पत्र

मार्गशीर्षातली सकाळ, साडेनऊची वेळ. मुंबईची बोट रत्नागिरीच्या बंदरात नांगरली आणि उतारूंना आणायला पडाव निघाले. धक्क्यावर जावयाची वाट बघणाऱ्या जनार्दनपंतांच्या मागे दोन बायका बोलत होत्या.

“चिमा, टोपलीत काय गो?”

“कोकमाची सोलं, काकी. कन्याशाळेच्या मास्तरीणबायना. माजी पत्रं त्याच लिवतात, दर गुरवारी.”

“पत्रापायी एवढी सोलं?”

“पोर गेल्यापासून झोप नव्हती. तरी ह्यांना मुंबैला धाडायच्या पत्रात ‘सर्व खुशाल’च सांगायची. एकदा बायनी टाक खाली ठेवला. म्हणाल्या, खरंच खुशाल आहेस?”

“मग?”

“मग काय, रडले! चार गुरवार नुसती बोलत ऱ्हायले. त्या मधेच कायतरी विचारायच्या, नि गप ऐकायच्या.”

“उपदेश नाय केला?”

“एकदा पण नाय. बोलता बोलता माजं मलाच उमगलं. वाटायचं, पोर गेलं तरी हे आले नाय, म्हणून ह्यांचा राग येतो. पण पावसात बोटी बंद, येणार कसे? पोराला ताप असताना मी भाताच्या लावणीला गेले, तो राग होता. माजा माज्यावरच.”

“सासूनं भगताकडं नेलेलं ना?”

“कोंबडा गेला, झोप नाय आली!”

“आता येते?”

“येते गो. बायंचे उपकार.”

“नवऱ्याला काय लिवलंस?”

“हेच सगळं. नि ह्या बोटीनं या, म्हणून.”

“उत्तर?”

“नाय आलं.”

जनार्दनपंतांनी बाजूला सरकून चिमाला पुढे जागा दिली. पहिल्या पडावात चौदा-पंधरा माणसं दिसत होती. चेहरे अजून ओळखू येत नव्हते.