बाबलीची खडपां

तन्वी : मावशी, आधी शांत हो बघू. कॉम्प्युटर बिघडलेला नाही. मागच्या रविवारी मी त्यातली जुनी सिस्टिम काढून लिनक्स घातलं, तेव्हा तुला सगळं दाखवलं होतं ना?

रुक्मिणी : दाखवलंस गो. हयसर दाब, थंयसर दाब. तू कुडाळच्या गाडयेत बसलंस आणि माका काय्येक आठवाक नाय. दुसऱ्या दिवशी चालू केलंय तर खालची पट्टी वर गेलेली. सी ड्राइव्ह खंय गेलो?

तन्वी : यात सी ड्राइव्ह नसतो. 'होम' असतं.

रुक्मिणी : होम म्हंजे घर. घरात तर मी आसय.

तन्वी : तुझ्या फाइलींचं घर गं. हे बघ, डाव्या बाजूला घराचं चित्र आहे ना? तिथे सगळं ठेवलंय.

रुक्मिणी : आणि हेचो मालक कोण?

तन्वी : एक असा कोणी नाही. जगभरातले लोक मिळून बनवतात आणि फुकट देतात.

रुक्मिणी : फुकट कित्या देतत? तेंका काय होया?

तन्वी : काही नको असतं. म्हणजे... कसं सांगू? आमच्या कॉलेजच्या लॅबमधली सगळी मशीन आता यावरच चालतात. मीच घातलंय.

रुक्मिणी : तुमच्या कॉलेजचा माका सांगा नको. पंचायत समितीत चौतीस वर्षां टायपिस्ट होतंय मी. थंय एक कागद इलो तरी पयला विचारीत, कोणाचो आसा.

तन्वी : आणि तुझं जुनं चालत तरी होतं का? चालू केल्यावर तू भात लावून यायचीस, तरी गोल गोल फिरत असायचं. तूच फोन केलास, तन्वी, ह्या डब्याचा काय तरी कर.

रुक्मिणी : डबो साफ कर म्हटलंय. डब्यातला जिन्नस फेकूक सांगूक नाय.

तन्वी : काय फेकलं मी?

रुक्मिणी : ह्यांच्या नावाची फाइल आसा. ती उघड.

तन्वी : 'बाबली'. ही? काकांच्या नावाने फाइल कसली केलीस?

रुक्मिणी : उघड. मगे बोल.

तन्वी : ... हे काय आहे?

रुक्मिणी : ताच मी तुका इचारतंय. एबीसीडी, कंस, टिंबां. मी सगळा मराठीत टाइप केलेलंय.

तन्वी : थांब हं. दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडून बघते. ... तसंच येतंय. असं कसं? मी तुझं सगळं पेनड्राइव्हवर घेतलं, मग डिस्क कोरी केली, मग परत...

रुक्मिणी : कोरी केलंस?

तन्वी : करावीच लागते गं.

रुक्मिणी : माका न इचारता?

तन्वी : विचारलं होतं! डिस्क फॉरमॅट करू का, म्हटलं. तू हो म्हणालीस.

रुक्मिणी : माका वाटला, पानाचो फॉरमॅट. समास, ओळी, असा काय तरी. आमच्याकडे फॉरमॅट म्हंजे ताच.

तन्वी : अरे देवा.

रुक्मिणी : देवाक कित्या हाक मारतंस? बोल, गेला काय सगळा?

तन्वी : मला खरंच कळत नाहीये. मावशी, होतं काय यात?

रुक्मिणी : खडपां.

तन्वी : खडपां?

रुक्मिणी : पाण्याखालचे खडक गो. वरसून दिसनत नाय, पण जाळा टाकलंस काय फाटलाच. तुझ्या काकांका एकूणएक ठावक. खंयचा खडप खंय, ता काय बघून ओळखूचा. चर्चचो क्रूस आणि झऱ्याकडलो माड एका रेषेत इलो काय तुझ्या खाली खडप आसा, फुडे जावं नको. असा.

तन्वी : आणि ते तू टाइप केलंस?

रुक्मिणी : गेल्या पावसाळ्यात. होडी वर काढलेली, आणि तेंका दम लागा. खाटेर बसान सांगीत, मी हयसर बसान टाइप करी. मधीच डोळे मिटून गप रवत. माका वाटा झोपले. तर ते मनातल्या मनात होडी फिरवीत. मगे सांगीत, लिही, ह्या राहिला होता. नारळी पुनवेक होडी पाण्यात गेली, तेव्हा हे नव्हते.

तन्वी : मला यातलं काहीच माहीत नव्हतं.

रुक्मिणी : कोणाकच नाय. आता सुशांत मुंबयची नोकरी सोडून इलोसा. मोबाइलार बघून होडी नेता. काल अर्धा जाळा खडपार फाडून आणल्यान. माका म्हणता, आये, बाबांनी सांगितलेला ता काढ. काढूक बसलंय, तर ह्या.

तन्वी : प्रिंट नाही काढलीस कधी?

रुक्मिणी : नाय.

तन्वी : का गं?

रुक्मिणी : ते गेल्यार ती फाइल उघडूकच नाय मी. हात जाय नाय.

तन्वी : मावशी, चुकलं माझं. मला वाटलं, फाइल कॉपी केली की झालं.

रुक्मिणी : रडतंस कित्या? तुका शिकून कळना नाय, मगे मी कोणाक इचारू? मालक पण नाय हेका.

तन्वी : थांब. एक मिनिट थांब. यात एक गोष्ट परत परत येतेय. प्रत्येक ओळीत आहे. चौकोनी कंस, के, मोठा एम, आय. ही बघ, पुढच्या ओळीतही. चौकोनी कंस, के, मोठा एम, आय. नुसता कचरा असता तर असा नेमाने कसा आला असता?

रुक्मिणी : काय म्हटलंस? परत सांग.

तन्वी : चौकोनी कंस. के. मोठा एम. आय.

(रुक्मिणी डोळे मिटते. कीबोर्ड नसलेल्या जागी, टेबलावर तिची बोटं हलतात.)

रुक्मिणी : खडप.

तन्वी : काय?

रुक्मिणी : खडप. अर्धो ख, काना लावन तो पुरो, मगे ड, प. टायपिंगच्या मशीनीर अशीच बोटां पडतत माझी. आणखी सांग.

तन्वी : ई, के, मोठा एम.

रुक्मिणी : माड.

तन्वी : डी, मोठा जी, एल.

रुक्मिणी : कळस. देवळाचो कळस. गो तन्वी, ह्या तर मी लिवलेला!

तन्वी : फॉन्ट! मावशी, तुझ्या ऑफिसातला जुना मराठी फॉन्ट वापरायचीस ना तू? तो आत इंग्रजी अक्षरंच ठेवतो, फक्त वरून मराठी दाखवतो. मी फाइल आणली आणि फॉन्ट आणलाच नाही. त्या डिस्कबरोबर तो गेला.

रुक्मिणी : म्हंजे गेला काय, रवला काय? नीट सांग.

तन्वी : राहिलं. एक अक्षरसुद्धा हललेलं नाही. ही जुनी अक्षरं आताच्या मराठीत बदलून देणारा प्रोग्रॅम असतो. त्यातून काढलं की कुठेही वाचता येईल, सुशांतदादाच्या मोबाइलवरसुद्धा.

रुक्मिणी : अक्षरां इंग्रजी, पण मराठी. आणि मराठी, पण बदलूक होयी. माका काय्येक कळना नाय गो.

तन्वी : नाही कळलं तरी चालेल. पाच मिनिटांचं काम आहे. नेट लावू?

रुक्मिणी : लावशीत मगे.

तन्वी : आता नको? दादा वाट बघत असेल ना?

रुक्मिणी : तो आज जाळा शिवता. बघूंदे वाट. तू वाच.

तन्वी : असं एकेक अक्षर?

रुक्मिणी : एकेक अक्षर, पयल्या ओळीपासून. आणि घाई करू नको. ते थांबान थांबान सांगीत.